तीस सहाचा आकडा

जून २०१९ आठवतोय? शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, पाऊस लांबला होता आणि अख्खा महाराष्ट्र दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावर हसत होता. बालभारतीच्या नव्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन', त्रेसष्टला 'साठ तीन' असं वाचायला दिलं होतं. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, दोन्ही दिलीयत असं सांगितलं गेलं, पण तोवर कोण ऐकतंय, व्हॉट्सअॅप सुटलं होतं. विधानसभेत अजित पवारांनी मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोटी केली की आता फडणवीसांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, सभागृह हसलं, मुख्यमंत्र्यांनीही त्याच मूडमध्ये उत्तर दिलं, मग तज्ज्ञांकडून फेरविचार करू वगैरे झालं आणि पंधरा दिवसांत विषय संपला. मी पण त्यात होतो. 'आमच्या दोघांत तीस सहाचा आकडा आहे' असा एक जोक मी स्वतः किमान चार ग्रुपवर टाकला असेल.

त्यातला एक ग्रुप घरचा होता आणि त्यात माझी मावशी होती. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, बहुतेक सगळी वर्षं पहिली-दुसरीचेच वर्ग, आता रिटायर आहे. तिनं जोकवर स्मायली टाकला नाही, फोन केला. म्हणाली, "कागद घे. लिही अंकात, एकोणऐंशी." मी लिहिलं ८९. मग खोडून ७९ केलं. चाळिशीतला, बँकेत काम करणारा माणूस. ती म्हणाली, "झालं? आता सात वर्षांच्या पोराला हस." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, आणि जितकं बघतो तितकं वाटतं की आपण तेव्हा ज्यावरून भांडलो ते भांडणच चुकीच्या जागी चाललं होतं.

आधी मुळात गोष्ट काय होती ते बघू, कारण ती जोकपेक्षा जास्त मजेशीर आहे. मराठीतला सहा घ्या. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. एकच सहा आहे पण दर दहाव्या घरात वेगळे कपडे घालून बसलाय, 'सो', 'सव्', 'छ', 'सेहे', 'शहा', आणि मुलानं ओळखायचं की हे सगळे एकच. पन्नास म्हणायचं पण बावन्न आणि त्रेपन्नमध्ये पन्नास कुठे दिसतो का बघा. सत्तर म्हणायचं पण बाहत्तर. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे पुढच्या दशकातून एक वजा करून बोलायचे, म्हणजे ऐकू येतं ऐंशी आणि लिहायचा सात, आणि नव्व्याण्णवला पोचलं की तोही नियम मोडतो, नाहीतर एकोणशंभर व्हायला हवं होतं. त्यात बोलताना एकक आधी, दशक नंतर. पंच-वीस. कानावर पाच पहिला पडतो म्हणून मूल पाच पहिला लिहितं, ५२. आणि शंभरच्या पुढे आणखी गंमत, एकशे पंचवीस, म्हणजे आधी पहिला अंक, मग शेवटचा, मग मधला. आपण हे सगळं लहानपणी ओरडून ओरडून पाठ केलं म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. मराठीच नाही, हिंदी-गुजराती-बंगालीतही थोड्याफार फरकानं हाच संसार आहे.

याउलट कन्नड, तेलुगू, तमिळ बघा, तिथे विसानंतर सरळ वीस-एक, वीस-दोन असंच जातं. इंग्रजीत पण अकरा ते एकोणीस सोडले की ट्वेंटी वन. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकर होत्या, त्यांनी हेच परत परत समजावून सांगायचा प्रयत्न केला, की जोडाक्षरं आणि उलट्या क्रमामुळे मुलं अडखळतात, दक्षिणेतल्या भाषांत ही अडचण नाही, आपण मुलांना एक सोपी पायरी देतोय. त्या स्वतः गणितज्ञ, मराठीत सोपं गणित लिहिणाऱ्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारे फार थोडे निघाले, आणि जे हसले त्यातल्या निम्म्यांची मुलं घरी 'ट्वेंटी वन'च म्हणत होती, म्हणजे वीस एकच.

आणि ही काही मराठी माणसाची खास भानगड नाही. नॉर्वेत पण पूर्वी 'एक-आणि-वीस' असंच म्हणायचे, १९५१ साली त्यांच्या संसदेनं ठरवून 'वीस-एक' केलं, आणि त्याच्या मागे टेलिफोन खातं होतं, कारण फोनवर नंबर सांगताना आकडे उलटेसुलटे व्हायचे. सत्तर वर्षं होऊन गेली तरी तिथे काही लोक अजून जुन्या पद्धतीनं बोलतात म्हणे, आणि देश चाललाय. जर्मनीत अजून उलटंच बोलतात आणि तिथे २००४ पासून 'झ्वान्झिगआइन्स' नावाची एक संघटना आहे, नावाचा शब्दशः अर्थ वीस-एक! एका गणिताच्या प्राध्यापकानं काढलेली. ऑस्ट्रियात पहिलीतल्या जर्मन बोलणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात ऐकलेली संख्या अंकात लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीच्या होत्या.

आता इथे मला थांबायचंय. कारण हे सगळं वाचून मी पण आधी असाच निष्कर्ष काढला होता की बघा, जगभर रिसर्च आहे, आणि आमचे नेते अडाणी. हा निष्कर्ष सोयीचा आहे आणि मला आता तो अर्धवट वाटतो. जर्मन उलटी आहे पण नियमित आहे, तिथे सहा हा कायम सहाच असतो. मराठीत उलटापालट आहे, शिवाय अनियमितपणा आहे, शिवाय एकोण आहे. मग मराठी मूल नेमकं कशानं अडतं, क्रमानं, की शब्द लक्षात राहत नाहीत म्हणून? 'वीस एक' शिकलेल्या मुलाला पुढे बाजारात 'एकवीस' ऐकलं की दुप्पट ओझं होतं, की आधी अर्थ कळल्यामुळे नाव पटकन बसतं? पाढ्यांचं काय, सात त्रिक एकवीस म्हणायचं की सात त्रिक वीस एक? ही उत्तरं ऑस्ट्रियातून येणार नाहीत. ती सांगोल्यातून, चिखलीतून, पालघरमधून यायला हवीत.

आणि त्या पंधरा दिवसांत, एवढ्या चर्चा, एवढे पॅनल, एवढे अग्रलेख झाले, त्यात एकाही बाजूनं 'इतक्या शाळांत असं शिकवलं, इतक्या शाळांत तसं शिकवलं, वर्षाच्या शेवटी इतका फरक पडला' असा एक साधा तक्ता पुढे ठेवलेला माझ्या तरी वाचनात आला नाही. समितीच्या बाजूला तज्ज्ञांचं मत होतं, चांगलं मत होतं, पण मतच. विरोधकांकडे भाषेची अस्मिता आणि जोक होते. मत विरुद्ध जोक अशी कुस्ती असेल तर जोक जिंकणार, यात विधानसभेला दोष देऊन काय होणार. समजा मंगलाताईंच्या हातात महाराष्ट्रातल्याच दोन-तीनशे शाळांचे आकडे असते, तर तीच कोटी त्या दिवशी इतकी सहज खपली असती का? माझा मुद्दा एवढाच आहे. संशोधक आणि पाठ्यपुस्तक यांच्यामध्ये 'आधी थोड्या ठिकाणी करून बघा आणि मोजा' हे काम करणारी खुर्चीच आपल्याकडे रिकामी आहे.

खुर्ची रिकामी म्हणजे इमारती नाहीत असं नाही हं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे, १९६७ पासून. तिथून रिक्षानं थोड्याच अंतरावर कुमठेकर रस्त्यावर एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, अभ्यासक्रम ठरवायचा कायदेशीर अधिकार असलेली. विद्यापीठात शिक्षणशास्त्र विभाग. जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्था, जी १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर उभीच राहिली ती शिक्षक प्रशिक्षण आणि स्थानिक संशोधनासाठी. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, जिथे मुलं विज्ञान-गणित कशी शिकतात यावर १९७४ पासून खरंखुरं काम चाललंय, मराठीतूनसुद्धा. माणसं आहेत, पगार आहेत, बोर्ड आहेत. आणि त्याच वेळी डाएटमधला अधिव्याख्याता काय करतो विचारा, तो प्रशिक्षणाची हजेरी गोळा करतो, लिंक भरली का म्हणून केंद्रप्रमुखांच्या मागे लागतो, केंद्रप्रमुख शिक्षकांच्या मागे लागतात, आणि शिक्षक वर्ग सोडून मोबाईलवर माहिती भरत बसतो. कितीतरी पदं रिकामी, एकाकडे तीन चार्ज.

संशोधकांना पण सोडायचं कारण नाही. आपल्याकडे शिक्षणशास्त्रात पीएच.डी. किती होतात बघा, आणि त्यातल्या किती बाहेर कुणी उघडल्या ते विचारा. 'अमुक तालुक्यातील उच्च प्राथमिक शिक्षकांच्या अमुक विषयीच्या अभिवृत्तीचा चिकित्सक अभ्यास.' प्रश्नावली, नमुना शंभर, शिफारशी दहा, बाइंडिंग लाल किंवा काळं. ज्यांचं काम खरंच चांगलं असतं ते इंग्रजी जर्नलमध्ये जातं, कारण प्रमोशन तिथून मिळतं, आणि ज्या शिक्षिकेच्या वर्गात बसून ते केलं तिला त्याचं मराठी पान सुद्धा कुणी पाठवत नाही. आणि कृतिसंशोधन! डी.एड., बी.एड. केलेल्या कुणालाही हा शब्द नुसता ऐकवा, चेहरा बघा. वर्गातली अडचण घ्या, उपाय करा, पूर्वचाचणी उत्तरचाचणी घ्या, फरक मोजा, कल्पना म्हणून इतकी सुंदर आहे की अख्खा हा लेख त्या एका शब्दावर संपायला हवा. प्रत्यक्षात मागच्या बॅचची फाईल, नाव बदलून, पूर्वचाचणी सरासरी ९, उत्तरचाचणी सरासरी १६. महाराष्ट्रातलं एकही कृतिसंशोधन फेल गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मावशी म्हणते तिच्या वर्गात मुलं कुठे अडतात ते तिला माहीत होतं, एकोणपन्नास ते एकोणऐंशी या पट्ट्यात. ती तर स्वतःच, कुणाला न सांगता, पहिले दोन महिने 'पन्नास आणि तीन, त्याला म्हणायचं त्रेपन्न' असं घ्यायची. पुस्तक यायच्या कितीतरी आधीपासून. "मग तू हे कुणाला सांगितलं का नाहीस," तर म्हणाली, "शिक्षण परिषदेत मी काय सांगायचं आणि त्यांनी काय सांगायचं हे आधीच ठरलेलं असतं रे." अशा किती बायांच्या वर्गात किती वर्षं हा प्रयोग आपोआप चालू असेल, आणि त्याची नोंद शून्य. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो.

बरं, करून बघितलं तर फरक पडतो का, तर पडतो, आणि ते आपल्याच गल्लीत घडलंय. मुंबई महापालिकेच्या आणि बडोद्याच्या शाळांत प्रथम संस्थेनं २००१ च्या सुमारास 'बालसखी' चालवलं, तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं दिवसातले दोनेक तास बाजूला घेऊन वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी त्यांना वाचन-गणिताचं अगदी मूलभूत शिकवायची. काही शाळांत एका इयत्तेला दिलं, बाकीच्यांत दुसऱ्याच इयत्तेला, आणि ज्यांना मिळालं आणि ज्यांना नाही अशा दोन्हीकडे चाचण्या घेऊन मोजलं. मुलं सुधारली. हे मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे वीस एकवर आपण हसलो त्यानंतर चार महिन्यांनी! आपण भारतीय वंशाचा म्हणून पेढे वाटले. पण त्या कामाचा गाभा काय होता, तर मूल ज्या पातळीवर आहे तिथून शिकवा, इयत्तेच्या पुस्तकामागे पळू नका. आणि आपला शिक्षण हक्क कायदा कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत हेही सांगतो, की ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायचा. शिक्षकानं नोबेलचं ऐकायचं की कायद्याचं? तो कायद्याचंच ऐकणार, पोर्शन संपवणार, कारण विस्तार अधिकारी येऊन पोर्शनच विचारणार आहेत.

उलट जिथे काहीही न मोजता उडी मारली तिथे काय झालं तेही ताजं आहे. दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घातली, मुलं वह्या आणणारच नाहीत असं धरून. मुलांनी जाड पुस्तकं पण आणली आणि वह्या पण आणल्या, २०२५ च्या सुरुवातीला निर्णय मागे. हे कळायला पीएच.डी. लागत नाही, एका तालुक्यात तीन महिने वजनकाटा घेऊन बसलं असतं तरी पुरलं असतं. त्या छपाईच्या कागदाचा हिशोब मनात आला तरी कसंतरी होतं.

पहिलीपासून तिसऱ्या भाषेचं प्रकरण तर सगळ्यांना पाठ आहे. एप्रिल २०२५ मध्ये जीआर, जूनमध्ये बदललेला जीआर, २९ जूनला दोन्ही रद्द, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. त्यात हिंदीसक्तीचं राजकारण इतकं मोठं झालं (व्हायलाच हवं होतं, मी पण त्या बाजूचाच) की सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा एकदम झेपतात का, हा प्रश्न मोर्च्याच्या शेवटच्या रांगेत चालत होता. केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा तिसरी भाषा सहावीपासून आहे. म्हणजे निदान त्या एका कागदाइतकं तरी वाचायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, मोजलं की सगळं सुरळीत होतं एवढे भोळे आहात का. नाही. शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान म्हणून कार्यक्रम होता. १९७२ ला सोळा शाळांत सुरू झाला, मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचं, त्यात दिल्ली विद्यापीठातले, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ येऊन गावच्या शिक्षकांबरोबर बसायचे, शिक्षकांच्या तक्रारी ऐकून धडे बदलायचे. सहा वर्षं असं घासूनपुसून झाल्यावर १९७८ ला अख्ख्या जिल्ह्यात गेला. मला जे हवंय म्हणून मी इथे ओरडतोय, ते सगळं त्यांनी केलं होतं. २००२ मध्ये सरकारनं बंद केला. तीस वर्षं चालवून एका आदेशात गुंडाळला. त्यामुळे आकडे हातात असले की निर्णय योग्यच होतात असं मी म्हणत नाहीये. पण तिथे निदान बंद करणाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली, शिक्षक आणि देशभरातले शास्त्रज्ञ भांडायला उभे राहिले, आज वीस वर्षांनंतरही लोक तो अनुभव पुढच्या कामात वापरतायत. वीस एकचं काय उरलं? एक जोक.

आणि पायलट पायलट म्हणून कायमचं लोंबकळत ठेवायची सरकारी कला पण आपल्याला माहितीय. म्हणून मला जे हवंय ते फार छोटं आहे. अभ्यासक्रमात किंवा पुस्तकात मोठा बदल करायचा असेल तर आधी एक शैक्षणिक वर्ष, थोड्या जिल्ह्यांत, डाएटमार्फत, दोन गट करून. चाचणी बाहेरच्यांनी घ्यायची, शिक्षकानं स्वतःच्या मुलांची नाही, नाहीतर पुन्हा ९ आणि १६. निकाल मराठीत, चार पानांत, चांगला असो वा वाईट, पुस्तक छापायच्या आधी जाहीर. त्या चार पानांवर ज्या शिक्षकांनी ते केलं त्यांची नावं. आणि त्या शिक्षकांना त्या वर्षापुरती बाकीच्या लिंका भरण्यातून सुट्टी, हे शेवटचं कुणी मंजूर करणार नाही हे मला माहितीय पण लिहून ठेवतो.

मंत्र्याला यात तोटा काहीच नाही खरं तर, उलट फायदाच, सभागृहात कुणी कोटी केली तर चार पानं वर करून दाखवता येतील. आणि निकाल उलटा आला, म्हणजे वीस एकनं काहीच फरक पडत नाही असं निघालं, तर मी स्वतः माझा जोक परत सगळ्या ग्रुपवर टाकीन.

आता नवीन धोरणाप्रमाणे पुस्तकं परत बदलतायत, पहिलीचं २०२५-२६ ला आलं, पुढच्या इयत्तांची पाठोपाठ येणार. दुसरीच्या मुलांना त्रेसष्ट कसा शिकवायचा हा प्रश्न परत कुणाच्या तरी टेबलावर असणारच, आणि २०१९ नंतर त्याला हात लावायची हिंमत कुणात उरली असेल असं वाटत नाही, त्यामुळे बहुतेक जे आहे ते गुपचूप तसंच पुढे सरकेल.

परवा भाचा आला होता, तिसरीत आहे, इंग्लिश मीडियम. मावशीनं सवयीनं कागद पुढे केला आणि ७९ लिहून विचारलं हे किती. "सेव्हंटी नाईन," लगेच. मराठीत? जरा विचार करून म्हणाला, "सत्तर नऊ." मावशी काही बोलली नाही, माझ्याकडे बघून हसली फक्त.